नोंदीत नसलेले नाव

येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडाकडे पाहत वाढलेल्या आम्हा मंडळींना पलटण परकी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात १९२२ पासून आहे, आणि आमच्या जुन्या घराण्यांत भिंतीवर गणवेशातली एखादी तसबीर असतेच. त्या तसबिरीखाली बसणाऱ्या स्त्रीला निवृत्तिवेतन मिळते, कारण ती लग्नाची असते. आणि नसेल तर?

कायदा येथे कठोर आहे. जवानाची इच्छा काहीही असो, कुटुंब-निवृत्तिवेतन ही त्याची मालमत्ता नव्हे. ते मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विमानदलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणी १९८० साली सांगितले. पुढे २००० साली एका मुलकी नोकराच्या दुसऱ्या स्त्रीला न्यायालयाने ते नाकारले. तिच्या अज्ञान मुलांना मात्र वाटा दिला. ब्रिटनने २००५ च्या सैनिकी योजनेत अविवाहित जोडीदारांनाही सामावून घेतले. पहिल्या महायुद्धातही तेथे अशा स्त्रियांना भत्ता मिळत असे.

‘ती साहेबाची रीत’ म्हणून मान फिरवण्यापूर्वी आपल्याच घरची रीत आठवावी. पाट लावताना कोणता दाखला होता? रात्रीचा विधी आणि भावकीतली चार माणसे, एवढाच पुरावा. रूढीने झालेला विवाह १९५५ च्या कायद्यासही मान्य आहे; पण कचेरीत कागद मागतात तेव्हा ती चार माणसे मसणात गेलेली असतात.

आमचे मन अडखळते ते निराळ्या ठिकाणी. गावी पत्नी वाट पाहत असता ठाण्यावर दुसरे बिऱ्हाड थाटणाऱ्याच्या वर्तनाचा भुर्दंड त्या पत्नीने का सोसावा? तिच्या ताटातला घास काढून कुणालाही न्याय मिळत नाही, असे आम्हांस वाटते. परंतु जेथे दोघेही मोकळी होती, तिने त्याचे आईबाप सांभाळले, गावाने तिलाच त्याची कारभारीण म्हटले, तेथे कुणाचे काय बुडते? दोघे विवाहास पात्र असावीत, दीर्घकाळ एकत्र नांदलेली असावीत, समाजात पतिपत्नी म्हणून वावरलेली असावीत, या कसोट्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१० साली पोटगीच्या प्रकरणात घालून दिल्या. पोटगीस चालणारी साक्ष वीरगतीनंतर का चालू नये, हे आम्हांस उमगत नाही.

नियम बदलतील तेव्हा बदलोत. तोवर रजेवर आलेल्या पोराला वडीलधाऱ्यांनी जेवायला बसताना एवढे विचारावे: बाबा, नोंदणी केलीस का?