वाटेत थांबशील तेव्हा

वालीव, वसई (पूर्व)

चि. सोनू हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा फाट्यावर रस्ता खोदायचं काम चाललं होतं. त्या घरघरीत तुझं निम्मं बोलणं ऐकू आलंच नाही. तू आणि तुझी मैत्रीण बंगळूरहून गाडीने निघणार, कोल्हापूर, सातारा, नगर, नाशिक करत इकडे येणार आणि वाटेतली लहान लहान संग्रहालयं बघणार, एवढं कळलं. फार बरं वाटलं गं बाय. मामीला मात्र घोर लागलाय, दोघी पोरी एवढा लांबचा रस्ता कशा काढतील म्हणून. मलाही थोडा लागलाय, पण माझा वेगळा. तुम्ही हल्लीची मुलं एका दिवसात चार ठिकाणं उरकता, फोटो काढता आणि पुढे निघता. लहान संग्रहालय असं बघता येत नाही. म्हणून हे पत्र.

तुला आठवतं का, तू दुसरी-तिसरीत असताना वसईच्या किल्ल्यात गेलो होतो? फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींत जमिनीवर पोर्तुगिजांच्या थडग्यांच्या फरश्या आहेत. तू उकिडवी बसून त्यातली झिजलेली अक्षरं बोटाने गिरवत होतीस. वाचता एक येत नव्हतं, तरी उठायला तयार नव्हतीस. तशीच बस जा. तेवढा वेळ प्रत्येक ठिकाणी दे.

साताऱ्याकडे आलीस की औंधला वळ. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभं केलं. राजा स्वतः चित्रकार होता. रविवर्म्याची चित्रं आहेतच, पण हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि बाळाचं शिल्पही तिथे आहे. जगातल्या मोठमोठ्या शहरांत ज्याची शिल्पं मिरवतात, त्याचं काम आपल्या माणदेशाच्या उंबरठ्यावरच्या गावात, ही साधी गोष्ट नव्हे. निघण्याआधी फोन करून उघडं आहे का ते विचार. अशी ठिकाणं बऱ्याचदा सोमवारी बंद असतात, आणि इतक्या लांब जाऊन कुलूप बघून परतायचं म्हणजे जिवावर येतं.

त्याच जिल्ह्यात अपशिंगे आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. तिथे तिकीट नाही की काचेची कपाटं नाहीत, पण माझ्या मते तुझ्या वाटेवरचं सगळ्यात मोठं संग्रहालय ते गावच आहे. इंग्रजांनी त्या काळी आपल्याकडच्या किती तरी गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, बस. आकडा असतो, बहुतेक पाट्यांवर नाव एकही नसतं. म्हणून सांगतो, वाटेत अशी पाटी दिसली की फोटो काढून निघू नकोस. पारावर कुणी म्हातारा माणूस असेल, कुणी निवृत्त फौजी असेल, त्यांना नमस्कार कर आणि विचार, ही माणसं कुणाच्या घरची? कुणी सांगितलं तर तिथल्या तिथे लिहून घे. सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत, सोनू, मला त्याचंच वाईट वाटतं.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाली कृष्णेचा घाट. तिथे टांगलेली घंटा बघ, 1707 सालची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत. ती आपल्या वसईची. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इथल्या घंटा देवळोदेवळी गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशकात गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात एक, 1721 ची. वसईची मुलगी म्हणून त्यांच्यासमोर थोडी जास्त थांब. सोपाऱ्याच्या स्तूपाचंही तेच झालं. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी खोदून काढलेला ऐवज मुंबईला एशियाटिक सोसायटीत आहे, आणि इथल्या पोरांनी शाळेच्या पुस्तकाबाहेर तो पाहिलेलाच नाही. ज्या गावाने आपली वस्तू आपल्यापाशी राखली, त्या गावाचं मला म्हणून फार कौतुक.

नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय खेडेगावातलं नाही, लष्कराचं आहे, पण चुकवू नकोस. 1994 मध्ये सुरू झालं. ओळखपत्र जवळ ठेव आणि सकाळी जा, दुपारी लोखंड तापतं. सेंच्युरियन रणगाडा दिसला की त्याला एक फेरी मार. पन्नास टनांचं ते धूड, आत माणसं चारच. 1965 च्या लढाईत अशाच सेंच्युरियनवर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर जखमी झाले, मागे जायला तयार झाले नाहीत आणि 16 सप्टेंबरला पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. तारापोर हे आडनाव ऐकलं की मला आपल्या पालघरमधलं तारापूर आठवतं. रणगाड्यासमोर उभं राहून हसरे फोटो काढू नका असं मी म्हणणार नाही, काढा की. फक्त आधी त्या चार माणसांचा विचार करा.

आणि कुठेही गेलात तरी तिथल्या शिपायाशी, पहारेकऱ्याशी बोला. पाटीवर नसलेलं त्याला ठाऊक असतं. दिवसभरात दोन माणसं यायची त्याच्याकडे. कुणी मनापासून विचारलं की तो मागच्या खोलीचं दारसुद्धा उघडून दाखवेल. अभिप्रायाची वही असेल तर दोन ओळी लिहा, नाव-गाव घाला. वरचे लोक ती वही बघतात, तिच्यावरून निधीचं ठरतं कधी कधी.

इकडे सगळं ठीक. मामीचा गुडघा थंडीत बोलतो. तुझ्यासाठी आगाशीहून सुकेळी आणून ठेवलीत, डब्याला मुंग्या लागायच्या आत ये.

नाशिकहून येताना मात्र माझं ऐक. भिवंडीवरून चिंचोटीचा रस्ता कंटेनरांचा आणि खड्ड्यांचा, तो अंधारात धरायचा नाही. उशीर झाला तर नाशकातच मुक्काम कर आणि सकाळी नीघ. वज्रेश्वरीवरून आलीस तर देवीचं दर्शनही होईल, चिमाजी अप्पांच्या नवसाचं देऊळ आहे ते. आणि अपशिंग्यात किंवा आणखी कुठे ज्यांची नावं लिहून घेशील, तो कागद हरवू नकोस. इथे आल्यावर मला वाचून दाखव.

कळावे,
तुझा मामा