गतफलाची आसक्ती

एकदा संपादन केलेले कौशल्य अनभ्यासाने समूळ नष्ट होते काय? आणि उतारवयाच्या उंबरठ्यावर ते पुन्हा मिळवावयाचे, तर तो उद्योग कोणत्या बुद्धीने करावा? प्रश्न व्यावहारिक दिसतो. पण थोडा विचार करताच तो गीतेच्या दारी येऊन उभा राहतो.

गोल्फ या खेळाचेच उदाहरण घ्यावे. इ. स. १८२९ मध्ये कलकत्त्यास या खेळाची संस्था स्थापन झाली. तेव्हापासून तो भारतास परिचित आहे. चेंडू जमिनीवर स्थिर असतो. काठीने टोलवीत तो एकामागून एक अठरा खळग्यांत पोचवावयाचा. फटके जितके कमी, तितके यश अधिक. प्रतिस्पर्धी चेंडू अडवीत नाही, म्हणून अपयशाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्यास येथे फारशी जागा नाही. तारुण्यात या खेळात निपुण असलेला एखादा गृहस्थ संसाराच्या व्यापात काठी बाजूस ठेवतो. मुले हाताशी आल्यावर, पंचेचाळिशीच्या सुमारास, तो पुन्हा मैदानात उतरतो. मनास जुना फटका आठवतो, परंतु कंबर तशी वळत नाही; चेंडू भलतीकडेच जातो. प्रथम संताप येतो, मग खेद, आणि अखेरीस मोजताना एखादा फटका विसरण्याचा मोह. खेळ क्षुद्र असेल. हा मोह क्षुद्र नाही.

सहाव्या अध्यायात अर्जुनाने योगभ्रष्टाविषयी हीच शंका विचारली आहे. मध्येच सुटलेल्या साधनेचे काय होते? भगवंत अभय देतात की, ते श्रम वाया जात नाहीत. पूर्वदेहातील बुद्धीचा संस्कार पुन्हा लाभतो, आणि साधक तेथून पुढे यत्न करतो. हा उपदेश योगाविषयीचा आहे, हे खरे. तथापि जो संस्कार देहांतरीही टिकतो, तो एकाच देहात काही वर्षांच्या खंडाने कसा पुसला जाईल? कैमुतिक न्यायाने लौकिक विद्येसही येथे आधार मिळतो.

परंतु पूर्वाभ्यासाचा संस्कार निराळा आणि पूर्वफळाची स्मृती निराळी. संस्कार हात चालवितो. स्मृती तोच हात अडविते. फलासक्ती सोडावी असे म्हणताना आपण बहुधा पुढे येणाऱ्या फळाचाच विचार करतो. भोगून संपलेले फळही तितकेच बांधते. ‘मी पूर्वी असा होतो’ हा अहंकार आजच्या कर्मात शिरला, की कर्म बिघडते.

अमेरिकेतील विख्यात खेळाडू बेन होगन यांच्या मोटारीवर फेब्रुवारी १९४९ मध्ये टेक्सासमध्ये एक बस आदळली. पत्नीस वाचविण्याकरिता त्यांनी आपला देह तिच्यापुढे आडवा घातला, आणि त्यामुळे सुकाणूच्या आघातातून त्यांचेही प्राण वाचले. कटिप्रदेशाची हाडे मोडली. पुढे रक्ताच्या गुठळ्यांमुळे शस्त्रक्रिया करावी लागली. तरीही जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या बांधून, त्यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. पूर्वीचे पाय मात्र त्यांना परत मिळाले नाहीत. त्यांनी स्पर्धांची संख्या कमी केली, आणि उरलेल्या शक्तीस साजेसा अभ्यास नेटाने चालविला. १९५३ मध्ये त्यांनी सहाच स्पर्धा खेळल्या व त्यांतील पाच जिंकल्या. गेलेल्या बळाचा शोक करीत बसते, तर उरलेल्या बळाचे मोल त्यांना कळले नसते.

दुसऱ्या अध्यायातील ‘कौशल’ या पदाचा अर्थ आचार्य शंकरांनी फार मार्मिक केला आहे. स्वभावतः बंधक असलेली कर्मे समत्वबुद्धीमुळे आपला बंधक स्वभाव टाकतात, हेच कौशल. या अर्थाने पाहता, चुकलेला फटका प्रामाणिकपणे मोजून शांत चित्ताने पुढच्या फटक्यास उभा राहणारा प्रौढ गृहस्थ, आपल्या तरुणपणच्या विजयापेक्षा अधिक कुशल ठरतो.

ज्यांची संध्या, ज्यांचा नित्यपाठ संसाराच्या धकाधकीत सुटला असेल, त्यांनीही हे ध्यानी धरावे. प्रारंभी जीभ अडखळेल, चित्त पळेल. मनोनिग्रहासाठी भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने जोडीनेच सांगितली आहेत. अभ्यास आजपासून सुरू करावा. वैराग्याचा आरंभ आपल्याच गतवैभवापासून करावा.