गोळी: नैवेद्य की आमिष?

कार्प माशाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तळाचे खाद्य तो पाण्यासकट ओढतो, चाखतो आणि नकोसे थुंकून टाकतो. म्हणून आमिषाचा आकार महत्त्वाचा. गोल गोळी सहज तोंडात जाते, पण उतारावर घरंगळते. चपटी गाळावर टिकते. पण आमिष स्वतः पकडतेच असे नाही. बहरीनमधल्या मनामाच्या मच्छीमारांचा ‘गरगूर’ म्हणजे तारेचा घुमटाकार पिंजरा. त्यात आमिष फक्त बोलावते. अडकवते ती नरसाळ्यासारखी वाट.

महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत, काळ नदीच्या डोहात, कार्पच्याच कुळातले महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात. तिथे मासेमारी वर्ज्य; भाविक त्यांना खाऊ घालतात. कणकेची गोळी इथे नैवेद्यासारखी, गळावर तीच आमिष. रूप तेच, चवही तीच. मग भेद कुठे?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक मासा आहे: जिभेच्या ओढीने तो प्राण गमावतो. या स्कंधावरच एकनाथांनी मराठी टीका लिहिली. हा दृष्टांत साधकासाठी अचूक आहे, पण त्यात दोष खाणाऱ्याच्या वासनेकडे जातो. भूक तर वाळणकोंडीतल्या माशालाही तितकीच असते. तिथला मासा जगतो तो इंद्रियनिग्रहामुळे नव्हे, गोळी वळणाऱ्या हाताने गळ लपवलेला नसतो म्हणून.