सभामंडपातील पडदा

कार्तिकीची वारी करून मंडळी गावी परतली, सोयाबीनची रास घरात आली, की आमच्या नांदेड-लातूरकडे पत्रिकांचे दिवस सुरू होतात. पहाटे काकडा, सकाळी पारायण, दुपारी गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री नऊला कीर्तन, हा सप्ताहाचा क्रम वारकऱ्याला पत्रिका न वाचताच ठाऊक असतो. यंदा मात्र बालाघाटाच्या डोंगरकडेच्या एका लहान गावाहून निराळीच पत्रिका हाती आली. ती गावच्या तरुणांनी काढलेली. येत्या माघात गावच्या विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात तीन संध्याकाळी तीन कार्यक्रम: पहिल्या दिवशी गाण्याची बैठक, दुसऱ्या दिवशी पडद्यावर 'संत तुकाराम' हा जुना चित्रपट, आणि तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरांचे शेतकऱ्याच्या मनाच्या आजारावर व्याख्यान.

पत्रिकेसोबत गावच्या वडीलधाऱ्यांची चिठ्ठी होती. "महाराज, नामाच्या जागी पडदा लावणे शास्त्राला धरून आहे का? आपण सांगाल ते आम्ही मानू." दुसऱ्याच दिवशी तरुणांचा निरोप आला. "महाराज, समाजमंदिराला कुलूप आहे, आत खताची पोती आहेत. मग आम्ही बसावं कुठं?"

सज्जनहो, दोन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून उत्तर द्यायला मी घाई केली नाही.

आधी पूर्वपक्ष पाहू. वडीलधारी मंडळी हट्टी आहेत असे कोणी समजू नये. त्यांचे म्हणणे असे, की जागेला संस्कार असतो. ज्या फरशीवर पिढ्यान्‌पिढ्या टाळकऱ्यांची पावले पडली, तेथे बसताच मन आपोआप खाली बसते. पडदा मनाला बाहेर ओढतो, नाम आत नेते. आणि एकदा दार उघडले की कोणाला अडवणार? आज तुकोबा आले, उद्या नाचगाणे येईल, परवा निवडणुकीचा प्रचार येईल. हा पक्ष दुबळा नाही. जो तो हसून उडवतो त्याने सभामंडपात कधी मनापासून रात्र काढलेली नाही, एवढेच मी म्हणेन.

तथापि, जागेचा विचार करायचा तर पुरता करावा. देवळाला गाभारा असतो आणि सभामंडप असतो, आणि ही दोन नावे आपल्या पूर्वजांनी उगीच वेगळी ठेवली नाहीत. गाभारा देवाचा, सभामंडप सभेचा. त्यालाच रंगमंडप असेही म्हणतात, आणि तेथील 'रंग' म्हणजे नृत्य-गायनाचा रंग. देगलूर तालुक्यात होट्टलला चालुक्यकालीन सिद्धेश्वराचे मंदिर आहे. तेथील सुरसुंदरींच्या मूर्ती पाहा. ज्यांनी त्या घडवल्या त्यांना देवाच्या दारी कला अपवित्र वाटली नाही. आमच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्षात खंडोबाची पालखी निघते, आणि त्याच माळावर जनावरांचा बाजार भरतो, कुस्तीचे फड रंगतात, लावणीही होते. देव त्या गर्दीला कंटाळून निघून गेला असे काही ऐकिवात नाही.

व्याख्यानाचे म्हणाल, तर आमच्या भागात लोकांनी मोकळेपणी एकत्र बसणे ही सहज मिळालेली गोष्ट नाही. निजामाच्या राज्यात जाहीर सभांवर निर्बंध होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा कुठे गावच्या पारावर मोठ्याने बोलता येऊ लागले. त्या पिढीने जे कष्टाने मिळवले, त्याला आपणच कुलूप घालावे काय?

आता माध्यमाचा विचार. आमच्याच नांदेड जिल्ह्यात उमरी तालुक्यात गोरटे गाव आहे. तेथे दासगणू महाराजांची समाधी आहे. महाराज १९६२ साली पंढरपुरात निवर्तले. त्यांची कीर्तने आणि संतचरित्रे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. परंतु हेच गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे तरुणपणी पोलिसात शिपाई होते आणि लावण्या रचीत, तमाशाच्या फडात रमत, हेही सर्वांना ठाऊक असावे. पुढे तीच प्रतिभा, तोच लयीचा कान, तीच शब्दांची हातोटी संतचरित्रांत उतरली. शब्द जोडण्याची शक्ती बदलली नाही. ती कोणाच्या पायी वाहायची हे बदलले. तिला मुळातच अपवित्र म्हणून टाकून दिले असते, तर आपण केवढ्या वाङ्मयाला मुकलो असतो!

चित्रपटाचेही तेच. 'संत तुकाराम' हा प्रभात कंपनीने १९३६ साली काढला, दामले आणि फत्तेलाल यांनी. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीसांनी केली. ते मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. परंतु पडद्यावर त्यांना पाहून लोकांचे हात आपोआप जोडले जात. आमच्याकडे यात्रेत फिरत्या तंबूत हा चित्रपट लागे, तेव्हा तंबूच्या दाराशी वहाणा काढून आत गेलेली म्हातारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. पडदा कापडाचा होता हे त्यांना कळत नव्हते असे नाही. मूर्ती दगडाची असते हेही त्यांना कळत होते.

मग पडदा आणि वीणा एकच, असा निकाल द्यायचा काय? नाही. येथेच खरा प्रश्न आहे.

ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, याचे आपल्या शास्त्रकारांनी काही नियम सांगितले आहेत. त्यांत पहिला नियम उपक्रम आणि उपसंहार यांचा. सुरुवात कशाने झाली आणि शेवट कशात झाला, हे जुळवून पाहा म्हणजे मधल्या पसाऱ्याचा अर्थ लागतो. आणखी एक नियम फलाचा: त्यातून निष्पन्न काय झाले ते पाहा. पाठशाळेत हे शिकलो तेव्हा ते पोथ्यांपुरतेच वाटले होते. आता वाटते, संध्याकाळीही याच नियमाने तपासाव्यात. कार्यक्रम गाण्याचा आहे की चित्रपटाचा की कीर्तनाचा, हे मागाहून विचारा. आधी हे विचारा, की माणसे कशी जमली आणि कशी उठली?

वारकरी कीर्तनाचा उपसंहार कसा असतो? कीर्तनकाराच्या लोक पाया पडतात आणि कीर्तनकारही त्यांच्या पाया पडतो. वारीच्या वाटेवर लहान-मोठा, श्रीमंत-गरीब न पाहता माणूस माणसाच्या पायावर डोके ठेवतो. हा आपल्या संप्रदायाचा प्राण आहे. आता पडद्याकडे पाहा. तुम्ही पडद्याला हात जोडाल, परंतु पडदा काही तुमच्या पाया पडत नाही. तुम्ही रडलात की हसलात, हे त्याला कळत नाही. चित्रपट संपला, दिवे लागले, की जो तो कपडे झटकून उठतो. पडद्याचे उणे आहे ते एवढेच, पण ते लहान नाही.

सज्जनहो, एवढे लिहून मी थांबलो असतो तर बरे झाले असते. निकाल आमच्या बाजूने लागला असता. परंतु त्या गावाशी माझा एक जुना हिशेब आहे, आणि तो सांगितल्यावाचून हे लिखाण खोटे ठरेल.

गेल्या श्रावणात त्याच गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. दुसऱ्या रांगेत एक तरुण शेतकरी टाळ घेऊन उभा होता. चांगला ठेका धरी. पावली खेळताना इतरांपेक्षा जरा जास्तच घामाघूम झाला होता, म्हणून चेहरा लक्षात राहिला. कीर्तन झाले, तो माझ्या पाया पडला, मीही हात जोडले. गाडी उभीच होती; दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन चाळीस कोसांवर होते. मी निघालो. आठ दिवसांनी कळले, की त्या मुलाने आपल्या हाताने आपले आयुष्य संपवले. कर्ज होते, पीक पाण्यात गेले होते, आणि कित्येक महिने तो घरात कोणाशी धड बोलत नव्हता.

त्या रात्री मी दोन तास बोललो. तो दोन तास ऐकत होता. परंतु "बाळ, तुझं कसं चाललंय?" एवढे मी त्याला विचारले नाही. माझ्याजवळ उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी कोणी विचारले नाही. उपसंहार झाला होता, पण हात जोडण्यापुरता. तेव्हा सांगा, त्या मुलाच्या बाबतीत माझे कीर्तन आणि कापडाचा पडदा यांत काय अंतर राहिले?

श्रवण, मनन आणि निदिध्यास अशी पायरी आपण नेहमी सांगतो. श्रवण तर आपल्याकडे आता उदंड झाले आहे. मोठ्या सप्ताहांत मंडपात पडदे लावून कीर्तनकाराचा चेहरा हत्तीएवढा दाखवतात. घरोघरी फोनवर रात्रंदिवस कीर्तने चालू असतात. हशा पिकवणाऱ्या बुवाची बिदागी वाढते. वडीलधाऱ्यांना भय आहे की सभामंडपात पडदा येईल. पडदा केव्हाच आला, आणि तो आम्हीच आणला. गाडगेबाबा १९५६ साली गेले. ते कीर्तनात लोकांना सारखे प्रश्न विचारीत आणि लोकांकडून उत्तरे वदवून घेत. तेथे ऐकणाऱ्याला नुसते ऐकत बसण्याची सोयच नव्हती. मनन तेथेच, समोरासमोर घडे. ती रीत आपण कोठे टाकली?

म्हणून त्या डॉक्टरांच्या व्याख्यानाचे मला महत्त्व वाटते. ते तरुण त्या मुलाचे सोबती आहेत. त्यांनी ही तिसरी संध्याकाळ करमणुकीसाठी ठेवलेली नाही. जे मी विचारले नाही ते विचारायला त्यांना एक जागा हवी आहे.

जागेचे मोल आमच्या लातूरकरांना वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने गावेच्या गावे जमीनदोस्त केली. पुढे नव्या जागी घरे उभी राहिली, रुंद सरळ रस्ते आखले गेले, समाजमंदिरेही बांधली गेली. परंतु जुन्या गावचा पार, एकमेकांना लागून असलेली दारे, उंबऱ्यावरून उंबऱ्याशी होणारे बोलणे, हे काही आराखड्यात बांधून मिळत नाही. इमारत सरकार देऊ शकते, देणगीदार देऊ शकतो; सभा मात्र माणसांनी बसूनच भरवावी लागते. कुलूप लावलेले समाजमंदिर आणि कुलूप लावलेले मन, दोन्हींत शेवटी पोतीच साठतात.

तेव्हा त्या गावाला मी जे कळवले ते येथे लिहितो. इतर गावांनाही ते उपयोगी पडेल.

तिन्ही संध्याकाळी सभामंडपात होऊ द्याव्यात. उपक्रम हरिपाठाने करावा, आणि तो तरुणांनी म्हणावा. गाभाऱ्यातील समई तेवत ठेवावी. पडदा अशा बाजूला लावावा की विठोबाकडे कोणाची पाठ होणार नाही. तिकीट नसावे, पाहुण्यांसाठी वेगळ्या खुर्च्या नसाव्यात, सर्वांनी एकाच सतरंजीवर बसावे आणि बाया-माणसांना मागे खांबाआड बसवू नये. चित्रपट संपताच कोणी उठू नये. दिवे लावून अर्धा तास बसावे, आणि वडीलधाऱ्यांनी तरुणांना विचारावे, तुम्हाला यात काय दिसले? व्याख्यानानंतर हारतुरे आणि आभार यांत वेळ घालवू नये. निघताना प्रत्येकाने शेजारच्याला त्याच्या दारापर्यंत पोचवावे आणि वाटेत एक प्रश्न विचारावा: "तुझं कसं चाललंय?" उत्तर येईपर्यंत थांबावे.

उद्या नाचगाणे आले तर काय करायचे, असे वडीलधारी विचारतील. त्याचे उत्तर असे, की जे माणसांना जमवते पण जमल्यावर परस्परांपासून दूर करते, ते दाराबाहेर ठेवा. पण ते ठरवायला दर वेळी एकत्र बसा, त्यात तरुण असू द्या, आयाबहिणी असू द्या. विवेकाचे काम कुलपावर सोपवू नका.

आणि हाच नियम माझ्या कीर्तनालाही लागू करा. येत्या सप्ताहात त्या गावी माझी सेवा आहे. मी कळवले आहे, की कीर्तन दीड तासातच आटोपीन, त्या रात्री गाडी परत पाठवीन आणि गावातच मुक्काम करीन. सकाळी काकड्यानंतर त्या मुलाच्या घरी जाईन. त्याची आई मला काय म्हणेल, ठाऊक नाही. जे म्हणेल ते ऐकून घेईन. आजवर लोकांनी माझे पुष्कळ ऐकले. आता ऐकण्याची पाळी माझी आहे.

रामकृष्णहरी.