खोकी कोण उघडतं?

महिन्याची पहिली-दुसरी तारीख आली की बुटीबोरीच्या रस्त्यांवर सामान लादलेले छोटे हत्ती दिसू लागतात. एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी कुठून कुठून माणसं येतात. कोणाची कंपनी बदलते, कोणाचा घरमालक भाडं वाढवतो, आणि दोन खोल्यांचा संसार एका फेरीत इकडचा तिकडे होतो. गादी, गॅसची शेगडी, बादल्या आणि सगळ्यांच्या वर दोरीने करकचून बांधलेला कूलर. नागपूरकडच्या घरात फ्रिज एखाद वर्ष नसला तरी भागतं, कूलरवाचून मे महिना निघत नाही.

नव्या जोडप्याचं पहिलं खरं भांडण पुष्कळदा याच दिवशी होतं. लग्न होऊन आलेले असोत, की दोघांनी मिळून नुसती खोली घेतलेली असो. ओळखीतल्या एका घरचं सांगतो. तो इथल्याच एका कारखान्यात शिफ्टला, ती नोकरीसाठी रोज नागपूरला जाऊन-येऊन. रविवारी सामान हललं. आलमारी, पलंग, कूलरचं लोखंडी स्टँड, सगळं त्याने दोन मित्रांना घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढवलं. शर्ट घामाने चिंब. संध्याकाळी मित्रांना चहा पाजायला चौकात गेला आणि परत येऊन गादीवर आडवा झाला. भिंतीला लागून खोक्यांची रांग तशीच उभी.

"हे कोण करन आता?" ती म्हणाली.

"सांगतलं असतं तं केलं असतं ना. सकाळपासून मीच तं करून राहिलो."

"हर गोष्ट सांगाच लागते का तुले?"

दोघंही खरंच बोलत होते, म्हणून तर भांडण मिटेना. सामान वाहणं हे काम चारचौघांसमोर होतं, त्याला घाम येतो, त्याचं कौतुक होतं आणि गाडीवाल्याला पैसे दिले की ते संपतं. त्यानंतरचं काम मात्र कोणाला दिसत नाही. नळ किती वाजता येतो, दूध कोण टाकतं, गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता बदलायचा आहे, कुकरची शिट्टी कोणत्या खोक्यात गेली, घरमालकाने डिपॉझिटची पावती दिली का, पहिल्या रात्री अंधारात माचिस कुठे सापडेल. यातलं एकेक काम पाच मिनिटांचं आणि सगळी मिळून महिनाभर पुरणारी.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही बाईची दिवसाला २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. अपघाताच्या भरपाईच्या एका दाव्यात जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यात न्यायमूर्ती रमणा यांनी याच पाहणीचा आधार घेतला. आकडे बोलके आहेत खरे, पण मिनिटं मोजणाऱ्याला हात चालताना दिसतात. हिंग संपत आलं आहे हे बसमध्ये बसल्या बसल्या आठवणं त्या २९९ मिनिटांत कुठे धरणार?

हे न दिसणारं काम काही आजचं नाही. बुटीबोरीतले बुटी म्हणजे नागपूरचं नामांकित सावकार घराणं. त्या घराण्यातल्या आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला ना. वा. टिळक काही काळ नागपुरात होते, ख्रिस्ती होण्याच्या आधी. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. तो वाचताना संसार असा किती ठिकाणी मांडता येतो याचंच नवल वाटतं. कधी नाशिक, कधी नागपूर, कधी राजनांदगाव. टिळक कवी माणूस, हाताचे सढळ, मनात आलं की उठून चालू लागणारे. बायकोवर त्यांचा जीव होता, तिला लिहायला-वाचायला त्यांनीच लावलं. पण गाव बदलल्यावर चूल कुठे मांडायची आणि पीठ कुठून आणायचं, हा प्रश्न बहुतेक वेळा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. त्या हे सगळं हसत हसत लिहितात. आपणही हसतो, आणि मग जरा ओशाळतो.

तेव्हा पुरुषाने काम केलं की प्रश्न सुटला, असं वाटू शकतं. तसं वाटत असेल तर बुटीबोरीहून वर्ध्याकडच्या गाडीत बसावं आणि सेवाग्रामला उतरावं. गांधीजींना घरकामाचा आळस नव्हता. डर्बनच्या घरात लघवीची भांडी ते स्वतः उचलत, आणि १८९८ सालचं त्यांचं-कस्तुरबांचं गाजलेलं भांडण त्यावरूनच झालं. कस्तुरबांनी ती उचलावीत एवढंच त्यांना पुरेना, हसतमुखाने उचलावीत हा हट्ट. शेवटी हाताला धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. ही हकिकत त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवली आहे. म्हणजे इथे नवरा कामचुकार नव्हता. घर कसं चालायचं हे त्याने एकट्याने ठरवून टाकलं होतं. पुढे १९३६ साली ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा आदी निवासात सगळे एकत्रच राहत. लग्नाला पन्नास वर्षं उलटलेल्या बाईला हक्काचा आडोसा नाही, हे जमनालाल बजाजांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बा कुटी बांधून दिली. लहानशी झोपडी आहे. बापू कुटी पाहायला आलेल्यांपैकी बरेच जण तिच्यासमोर रेंगाळत नाहीत. मला ती जास्त बोलकी वाटते.

पुन्हा खोक्यांकडे येऊ. माझं निरीक्षण असं की घर हलवल्यावर जो खोकी उघडतो, त्यालाच पुढची वीस वर्षं "अगं, हे कुठे आहे?" असं विचारलं जातं. डबा त्याने ठेवलेला असतो, म्हणून डबा कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणून तो रिकामा झाला हेही त्यालाच कळतं, आणि कळलं की आणणं आलंच. मग दुसरा माणूस आयुष्यभर प्रामाणिकपणे म्हणत राहतो, सांगितलं असतं तर केलं असतं. त्याचा वाईट हेतू नसतो. त्या संध्याकाळी तो गादीवर आडवा झाला होता, इतकंच.

त्या घरात सोमवारी सकाळी ती कामावर गेली. त्याची सेकंड शिफ्ट होती, दुपारपर्यंत वेळ होता. राग होता, पण राग घेऊन बसणार तरी किती वेळ? त्याने स्वयंपाकघराची खोकी फोडली आणि कारखान्यातल्या स्टोअरसारखी मांडणी लावून टाकली. मोठं खाली, लहान वर, सारख्या उंचीचे डबे एका ओळीत. मीठ आणि पिठीसाखर शेजारी शेजारी, एकसारख्या स्टीलच्या डब्यांत. कुकर थेट वरच्या फळीवर. ती रात्री आली, पाहिलं, आणि तिच्या तोंडाशी आलं होतं की हे सगळं पुन्हा काढ. खरी कसोटी इथे तिची होती. बाईने नाक मुरडून एकदा सगळं नव्याने लावलं, की तो पुन्हा फळीला हात लावत नाही, आणि त्यात त्याची सोयच होते.

तिने फक्त कुकर खाली घेतला. मिठाच्या डब्यावर खडूने खूण केली. बाकी त्याचं त्याच्याकडे राहू दिलं.

आता पंचाईत अशी झाली आहे की हिंगाची डबी कुठे ते तिला सापडत नाही. सकाळी घाईत फोडणी टाकताना ती त्याला फोन लावते. तो तेव्हा नाइट संपवून कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत असतो, आणि वैतागून म्हणतो, "हर गोष्ट मलेच विचाराची का?"