नाव न विचारणारं बाकडं

कार्सन मॅक्कलर्सची ‘द हार्ट इज अ लोनली हंटर’ ही कादंबरी मी दुसऱ्यांदा वाचली ती एरंडोलला, एस.टी. स्टँडजवळच्या एका हॉटेलात, तुकड्यातुकड्यांनी. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी, गल्ल्यामागे उदबत्तीनं काळवंडलेले देव आणि काचेच्या कपाटात सकाळची गार भजी. पारोळ्याची गाडी लागेपर्यंत पाच-सहा पानं व्हायची. या पुस्तकाला ही जागा शोभते असं वाटायला लागलं, आणि मग शोभत नाही असंही.

कादंबरी १९४० सालची. लिहिणारी बाई तेव्हा तेवीस वर्षांची होती. अमेरिकेच्या दक्षिणेतलं गिरण्यांचं एक लहान गाव, आणि त्यात ‘न्यूयॉर्क कॅफे’ नावाचं खाणावळवजा हॉटेल. मालक बिफ ब्रॅनन ते रात्रभर उघडं ठेवतो. रात्रीचा धंदा परवडत नाही हे त्याला कळतं, तरीही. तिथे जॉन सिंगर नावाचा एक मुका-बहिरा माणूस रोज जेवायला येतो. गावातली एकेक बिनसलेली माणसं त्याच्याभोवती जमतात : संगीतानं झपाटलेली एक पोरगी, कामगारांची क्रांती करायला निघालेला एक दारुडा, आपल्या समाजाच्या उद्धाराच्या ध्यासानं आतून करपलेला एक कृष्णवर्णीय डॉक्टर, आणि खुद्द हॉटेलवाला. प्रत्येकाला वाटतं, मला समजून घेणारा हाच. सिंगर ऐकू शकत नाही, फक्त ओठ वाचतो. एकदा हे चौघं त्याच्या खोलीत एकाच वेळी येतात तेव्हा कुणालाच बोलायला सुचत नाही. त्या काही पानांवरून मला पूर्ण कादंबरी ओवाळून टाकावीशी वाटते.

अशी कादंबरी मराठीत का नाही, हा प्रश्न मला या बाकड्यावर पडला. बिनसलेल्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. खानदेशापुरतं बोलायचं तर भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. ‘कोसला’ १९६३ सालची. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो, हॉस्टेलच्या मेसच्या कारभारात हात पोळून घेतो, नापास होतो आणि गावी परत येऊन रिकामटेकड्यांच्या गप्पांत बसतो. पुढच्या चार कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील प्राध्यापकी करत एका गावातून दुसऱ्या गावात बिढार हलवत राहतो. दोघांनाही कुठेच नीट बसता येत नाही. मराठी कादंबरीतला न जुळणारा माणूस बहुतेक वेळा निघून जातो, नाहीतर परत येतो. दोन्हींच्या मध्ये, आपल्यासारख्याच चार जणांबरोबर एका टेबलाशी तो टिकत नाही. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’मध्ये टोळकं आहे खरं, पण ती पोरं एकाच वस्तीची. बाहेरच्यांना ती वाया गेलेली वाटतात. एकमेकांना ती परकी नाहीत. नाक्यावर उभं राहायला आधी त्या नाक्याचं असावं लागतं.

मला वाटतं, याचं कारण एका प्रश्नात आहे. इथल्या अहिराणीत तो असा विचारतात : “तू कोना पोऱ्या शे रे?” तू कुणाचा मुलगा? प्रश्न प्रेमाचा आहे, त्यात कुत्सितपणा नाही. पण उत्तर दिलं की आडनाव येतं, आडनावामागून आळी येते, आळीमागून जात, आणि मग चुलत्यानं १० वर्षांपूर्वी कुणाचा बांध कोरला होता तेही येतं. मॅक्कलर्सच्या गावातला एकाकी माणूस एकाकी आहे, कारण त्याला कुणी ओळखत नाही. आपल्या तालुक्याच्या गावातला माणूस एकाकी पडतो तो सगळे ओळखतात म्हणून. एकदा परीक्षा हुकलेला, एकदा लग्न मोडलेला, एकदा कर्जापायी शेत विकलेला माणूस पुढची तीस वर्षं तेवढाच उरतो. त्याला सोबतीची टंचाई नसते. टंचाई असते ती कुणी न विचारण्याची.

आणि ती गरज हायवेवरच भागते. एरंडोलला रेल्वे नाही. सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता, जुना सहा नंबरचा, आता त्रेपन्न, हेच गावाचं दुसरं तोंड. त्या रस्त्यावरचे ढाबे रात्री जागे असतात. खानदेशातली शेवभाजी घरात होते, पण तिची खरी जागा ढाब्यावर : लाल तर्री, वर जाड शेव, बाजूला कांदा, आणि समोरच्या माणसाशी बोलायची सक्ती नाही. केळीच्या ट्रकवरचा क्लीनर, कोर्टाच्या तारखेला आलेला म्हातारा, पत्ते कुटून रात्री घरी जायला घाबरणारा मास्तर आणि मेडिकलचं दुकान बंद करून आलेला अविवाहित इसम एकाच बाकावर बसतात. कुणी कुणाचा मित्र होत नाही. पण मास्तर चार दिवस दिसला नाही, तर पाणी मारणारा पोऱ्या विचारतो, “मास्तर नाही आला?” समूह म्हणावं असं यात काय आहे, असं कुणी म्हणेल. माझ्या मते समूह एवढाच असतो; बाकीचं आपण कादंबरीत वाढवून घेतो.

एका हॉटेलची उधारीची वही मी पाहिली आहे. तिच्यात नावं नव्हती. ‘चष्मा’, ‘कोर्टवाला’, ‘दोन नंबर गाडी’, ‘बिनसाखर’. मालकाला बहुतेकांची नावं माहीत असणार, गाव केवढंसं. पण वहीत माणूस त्याच्या सवयीनं लिहिलेला होता, बापाच्या नावानं नाही.

इथे थांबून उलटी बाजू सांगायला हवी, नाहीतर हा लेख चहाच्या जाहिरातीसारखा होईल. हॉटेलचं दार सगळ्यांना उघडं असतं ही कालपरवाची गोष्ट आहे, आणि काही गावांत तीही पुरती खरी नाही. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे : धर्म, जात, लिंग या कारणांवरून कुणाला तिथे अडवायचं नाही. देशाच्या घटनेत हॉटेल लिहावं लागलं! तेवढ्यानं भागलं नाही म्हणून १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात हॉटेलातली भांडीसुद्धा आली, कारण आत घेतलं तरी कप वेगळा ठेवता येतो. बाहेर खुंटीला टांगलेली, कान तुटलेली, ज्याची त्यानं विसळून ठेवायची कपबशी दलित लेखनात पुन्हापुन्हा भेटते. ज्या भाषेत कपाची ही गोष्ट आधी सांगावी लागली, तिला बाकड्यावरच्या मैत्रीची गोड कादंबरी सुचायला वेळ लागणारच.

मॅक्कलर्सच्या कॅफेतही हेच आहे, आणि पहिल्या वाचनात ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. दारुडा क्रांतिकारक रात्री एका काळ्या माणसाला ओढत कॅफेत आणतो तेव्हा गिऱ्हाइकं खवळतात. तो माणूस म्हणजे तो डॉक्टर. त्याला सिंगरची सोबत मिळते ती हॉटेलात नाही, सिंगरच्या भाड्याच्या खोलीत. पुढे १९६० च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर कॉफी मागून बसले आणि उठले नाहीत, तेव्हा कुठे अमेरिकेला कळलं की स्टूल ही राजकीय वस्तू आहे.

आपल्याकडे हे एका राजाला त्याच्या चाळीस वर्षं आधी कळलं होतं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित नोकराला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली, आणि गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं. तिथे कोण येणार? महाराज गाडी थांबवून सर्वांदेखत तिथला चहा मागवायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. या प्रसंगाचं कौतुक आपण महाराजांच्या मोठेपणासाठी करतो, ते योग्यच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. महाराजांनी गंगारामांच्या घरी सहभोजन केलं असतं तर ती कृपा ठरली असती. त्यांनी हॉटेलात चहा घेतला. यजमान आणि पाहुणा यांच्या जागी दुकानदार आणि गिऱ्हाईक आले.

हा फरक मला कळीचा वाटतो. आपल्या परंपरेत एकत्र जेवणं खूप आहे : भंडारा, पंगत, अन्नदान, गरीब विद्यार्थ्यानं वार लावून सात घरी जेवणं. त्यातलं अन्न फुकट असतं आणि म्हणूनच महाग. जेवणाऱ्याला पंगतीतली आपली जागा माहीत असावी लागते, आणि जेवून झाल्यावर आभारही अंगावर राहतात. खानदेशातल्या थंडीतली भरीत पार्टी घ्या. शेतात काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, मिरचीबरोबर ठेचायची, कळण्याच्या पुऱ्या आणि कांद्याची पात. यापेक्षा मोकळं जेवण मी कुठे जेवलो नाही. पण बोलावणं कुणाला जातं ते मोजा : भाऊबंद, सोयरे, पक्षातले, बँकेतले. गावात कुणालाच नको असलेला माणूस तिथे आगंतुक ठरतो. हॉटेलात तोच दहा रुपये टाकतो आणि पाऊण तासासाठी बाकाचा मालक होतो. पैशानं माणसं तुटतात असं आपण लहानपणापासून निबंधात लिहीत आलो. चहाच्या पैशानं मात्र काही माणसं पहिल्यांदा बरोबरीनं बसली.

बाईचं काय? स्टँडजवळच्या त्या हॉटेलात मी बऱ्याच सकाळी बसलो. एकटी बाई बाकड्यावर चहा घेत निवांत बसली आहे असं दृश्य मला आठवत नाही. बायका येतात, पोराला पाणी पाजतात, पार्सल घेतात, उभ्यानंच जातात. बऱ्याच हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ अशी पाटी असते, म्हणजे एक पडदा आणि त्यामागे एक टेबल. कुटुंबाबरोबर आलेल्या बाईची ती सोय. कुटुंबाला कंटाळून आलेल्या बाईला कुठे बसायचं ते पाटीवर लिहिलेलं नसतं. मुंबईच्या गिरणगावात हजारो एकट्या पुरुषांना जेवू घालून ज्यांनी घरपण दिलं त्या खाणावळवाल्या बायकाच होत्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांचं खरं कुटुंब त्यांच्या खोलीत जेवायचं. त्या स्वतः सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्यांदा कुणी बसायची जागा केली. मराठीत अशी कादंबरी लिहायचीच असेल तर ती गल्ल्यावरच्या किंवा चुलीपुढच्या अशा बाईच्या नजरेतून लिहावी लागेल. ती सगळ्यांना ओळखते आणि कुणाशेजारी बसत नाही. बिफ ब्रॅननसारखीच.

अलीकडे जपानी-कोरियन कॅफेच्या कादंबऱ्यांची लाट आहे, मराठी वाचकही त्या आवडीनं वाचतात. दुखावलेली माणसं येतात, गरम काहीतरी पितात, बरी होऊन जातात. वाचायला मला त्या वाईट वाटत नाहीत, तापात पेज चालते तशा चालतात. पण त्यांत दाराशी कुणी अडवलं गेलेलं नसतं, उधारी थकलेली नसते, आणि कपबशा सगळ्या एकाच आकाराच्या असतात.

एरंडोलला नाव न विचारणाऱ्या सोबतीची गोष्ट शोधायला फार लांब जायची गरज नाही. हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा, अशी इथली श्रद्धा. जवळच्या पद्मालयाला भीमानं बकासुराला मारलं असं सांगतात, तिथे भीमकुंडही दाखवतात. देशात आणखी काही गावं हाच दावा करतात, करोत बापडी. मला रस आहे तो गोष्टीत. एकचक्रेत एक व्यवस्था होती. दर घराची पाळी ठरलेली : गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस बकाला द्यायचा. सगळे नियमानं पाळी सांभाळत. तोही समूहच होता, आणि चांगला शिस्तीचा. अशा गावात लाक्षागृहातून वाचलेली, ओळख लपवलेली, भिक्षा मागून जगणारी सहा माणसं एका घरी भाड्यानं म्हणावं तशी राहत होती. भिक्षा आणली की कुंती तिचे दोन भाग करायची, अर्धा एकट्या भीमाला, उरलेला बाकी सगळ्यांना. वयानं नाही, मानानं नाही, भुकेच्या हिशेबानं. घरमालकाची पाळी आली तेव्हा त्या घरातला आक्रोश तिनं भिंतीपलीकडून ऐकला. भीम गाडा घेऊन गेला आणि बक पाठीत मारत असताना तिथेच बसून सगळा भात स्वतः जेवला. मग उठला.

दुसऱ्या दिवशी लोक त्या ब्राह्मणाकडे आले : कोण होता तो? ब्राह्मणानं सांगितलं, मंत्र जाणणारा एक ब्राह्मण होता, त्याला माझी दया आली. नाव सांगितलं नाही. लोकांनीही अधिक विचारलं नाही, उत्सव केला. काही दिवसांनी ती सहा माणसं पांचालाच्या वाटेला लागली.

आता एरंडोलला त्यांच्या नावाचा वाडा आहे, आणि तो कुणाचा हा वाद २०२३ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. स्टँडजवळच्या हॉटेलात त्या दिवसांत वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जायचं. बिनसाखरवाला एकदा ऐकता ऐकता उठला, पैसे ठेवले, आणि कुणी काही विचारायच्या आत पारोळ्याच्या गाडीत बसला.