रान कोणाचे राहिले?

बालपणी ज्या रानात आपण खेळलो, ते रान पुष्कळ वर्षांनी पाहावयास गेलो असता मनाला जी खंत वाटते, ती नेमकी कशाविषयीची असते? हा प्रश्न आपण बहुधा कवींच्या स्वाधीन करून मोकळे होतो. वय सरले, दृष्टी बदलली, म्हणून उंच झाडे ठेंगणी दिसू लागली, हे त्याचे ठरलेले उत्तर. आमच्या मते या खंतीत एक नैतिक दावाही दडलेला असतो. 'हे असे व्हावयास नको होते', असे आपण कोणाला तरी उद्देशून म्हणत असतो. तो दावा कितपत टिकतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

आळंद तालुक्यात अरण्य म्हणावे असे काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. खरे जंगल पाहावयाचे तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चिंचोळीकडे जावे लागते. आमच्याकडे काळी जमीन, तूर, जोंधळा आणि अमरजा नदीला मिळणारे ओढे. अशाच एका ओढ्याच्या काठाने बाभूळ, लिंब, हिवर, बोरी, चिंच यांची दाट पट्टी होती आणि पलीकडे गायरान. मुलांना तेवढे अरण्य पुरते. बाभळीचा डिंक, गाभुळलेल्या चिंचा, सुगरणींची लोंबती घरटी एवढ्या भांडवलावर आमच्या सुट्ट्या निघत. झाडाचे नाव मराठीत, चढणाऱ्याला हाक कन्नडमध्ये आणि भांडण दखनीत, असा व्यवहार चाले. त्यात काही विशेष आहे, हे प्रौढपणी सीमावादाची भाषणे ऐकू लागल्यावरच आम्हाला समजले.

'रान' हा शब्दही आमच्या भागात मोठा सैल आहे. माणूस रानात गेला आहे म्हणजे शेतात गेला आहे. झाडोरा तेही रान आणि नांगरलेली जमीन तेही रान. कन्नडमध्ये 'काडु' वेगळे आणि 'होल' वेगळे. आमच्या मराठीने मात्र दोहोंत भिंत घातली नाही. त्यामुळे झाडांच्या पट्टीत तुरीचे तास पडले, तेव्हा भाषेच्या दृष्टीने काहीच घडले नाही. रान होते, रान राहिले.

प्रत्यक्षात पट्टी निम्म्याहून अधिक गेली आहे. गायरानाचा मोठा भाग कसला जातो. सरकारी जमिनीवरील अशा कसणुकीला आमच्याकडे 'बगरहुकूम' म्हणतात आणि 1991 च्या कायदेदुरुस्तीने कर्नाटकात ती नियमित करून देण्याची वाट मोकळी झाली. आता आमचा दावा कोणाविरुद्ध? ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सातबारा नव्हता, त्याने चार एकर गायरान मोडून तूर पेरली, तर आमच्या आठवणीसाठी त्याने भूमिहीन राहावयास हवे होते काय? आम्ही शिकलो, नोकरीसाठी सोलापूर-पुण्याकडे गेलो, सुट्टीत परत आलो. त्याच्या पोटापुढे आमच्या सुरपारंब्या ठेवण्याचे धारिष्ट आम्हाला होत नाही.

परंतु एवढ्यावर प्रश्न संपत नाही. गायरान भूमिहीनाचेही होते. किंबहुना अधिक त्याचेच होते. त्याची शेळी तेथे चरे, त्याच्या घरची चूल तेथल्या काटक्यांवर पेटे. एकाच्या नावावर चार एकर चढले, तेव्हा ज्यांना काहीच मिळाले नाही, त्यांचा आधार तुटला. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली, पंजाबातील एका खटल्याच्या निमित्ताने, गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना सर्व राज्यांनी कराव्यात असे सांगितले, तेव्हा भूमिहीनांना शासनाने दिलेल्या जागा नियमित करण्यास वावही ठेवला होता. न्यायालयालाही ही गाठ एका झटक्यात सोडविता आली नाही.

उरलेल्या पट्टीत आता वेडी बाभूळ माजली आहे. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अमदानीत भारतात आणले गेले. शेळ्या तिच्या शेंगा खातात, बी लेंड्यांतून सर्वत्र जाते, तोडली तरी ती बुंध्यातून फुटते. आम्हाला तिचा राग येतो. पण तिच्याच काट्यांतून वाट काढीत खेळणारी मुले आम्ही पाहिली. त्यांचे रान तेच. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 साली दाखवून दिले की, प्रत्येक पिढीचे अभ्यासक स्वतःच्या उमेदवारीच्या काळातील समुद्र हाच मूळचा समुद्र मानतात आणि त्यामुळे एकूण ऱ्हास कोणाच्याच हिशेबात येत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनाही आमची पट्टी उजाडच वाटत असणार. मग आमच्या बालपणापाशीच मोजपट्टीचे शून्य का धरावे?

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. त्या राया टिकल्या त्या देवाच्या धाकाने आणि गावाच्या नियमाने. तेथे कोणी खेळले होते म्हणून एकही फांदी वाचली नाही. आमच्या ओढ्याला ना देव होता ना नियम. आठवण तेवढी होती, आणि तीही गाव सोडून गेलेल्यांपाशी.

अमरजा पुढे गाणगापूरला भीमेस मिळते. 'गुरुचरित्रा'त याच संगमावरची कथा आहे: कुष्ठाने पीडलेल्या नरहरीला श्रीगुरू औदुंबराचे वाळके लाकूड रोवून त्याला रोज पाणी घालावयास सांगतात. लोक हसतात, तो पाणी घालीत राहतो आणि लाकडाला पालवी फुटते. चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडून देऊ. आमचे लक्ष घागरीवर जाते. नरहरीचा त्या झाडावर काही हक्क असेल, तर तो त्या खेपांतून आला. आमच्या खात्यावर अशी एकही खेप नाही. असलीच तर तोडलेल्या बोरांची मोजदाद आहे.

ओढ्याच्या वळणावर हिवराची दोन झाडे मात्र अजून उभी आहेत. ती आता एका शेताच्या बांधात आली आहेत. का राखली, असे विचारता शेतकऱ्याने सांगितले की, दुपारी भाकरी खायला सावली लागते. त्या सावलीखालची चार तासे तूर दरवर्षी पिकत नाही, हेही त्याने सहजच सांगितले.